मदरबोर्ड गेला नव्हता

आमगावात कॉम्प्युटर बंद पडला की पहिलं निदान ठरलेलं असतं : "मदरबोर्ड गेला." बोर्ड कुणी उघडून पाहिलेला नसतो. पण शब्द वजनदार आहे, आणि तो एकदा उच्चारला की पुढचे प्रश्न आपोआप थांबतात. बोर्ड गेला म्हणजे सगळंच गेलं. नवीन घ्या.

त्याआधीचे घरगुती उपचारही ठरलेले असतात. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबरने घासायच्या, परत बसवायची. याला मी हसत नाही, कारण कडांवरचा थर निघून संपर्क सुधारतो आणि कितीतरी मशीन खरंच सुरू होतात. नाही झालं तर विंडोज फॉरमॅट. तेही नाही जमलं तर घड्याळाचा गोल सेल बदलायचा. आणि मग बोर्ड.

या सगळ्यात एका डब्याकडे कुणी बघत नाही. कॅबिनेटच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, जिथे भिंतीतली वायर येऊन घुसते तो डबा. त्याचं नाव एसएमपीएस, म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. तुमच्या खिशातल्या फोनचा चार्जरही एक छोटा एसएमपीएसच असतो. फोन चार्ज होईना की आपण आधी चार्जर बदलून बघतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हे सुचत नाही, कारण त्याचा चार्जर पोटात आहे.

आमच्या बाबांच्या कॉम्प्युटरचं गेल्या वर्षी हेच झालं. आणि त्यात फक्त कॉम्प्युटरवर ठपका आला असता, तर मी हे लिहायला बसले नसते.

*

बाबांचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, बिलबुकं, शाळेच्या गॅदरिंगची पत्रकं. आमगावच्या एका बाजूला मध्य प्रदेशातलं लांजी, दुसऱ्या बाजूला सालेकसा ओलांडलं की छत्तीसगडातलं डोंगरगड. लोकांच्या सोयरिकी तिन्ही राज्यांत. त्यामुळे एकाच लग्नाच्या शंभर पत्रिका मराठीत आणि दोनशे हिंदीत, असा हिशेब असतो. घरात पोवारी, दुकानात हिंदी आणि कागदावर मराठी, असे गिऱ्हाईक रोज येतात. शेजारच्या पद्मपूरला भवभूतीचं जन्मस्थान मानतात, गावातल्या कॉलेजलाही त्याचंच नाव आहे. त्या नावातले दोन 'भ' बाबांनी आयुष्यात किती वेळा जुळवले असतील, याची गणती नाही.

हे सगळं ते २००७ साली घेतलेल्या कॉम्प्युटरवर करतात. विंडोज एक्सपी, पेजमेकर ७, आणि मराठी फॉन्टचं एक जुनं पॅकेज. त्या पॅकेजला हार्डवेअर लॉक आहे. अंगठ्याएवढं एक प्लग, ते मागच्या प्रिंटर पोर्टमध्ये लावलेलं असेल तरच अक्षरं उमटतात. आजच्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. शिवाय जुन्या फॉन्टची एक गंमत आहे. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फाइल त्याच फॉन्टमध्ये उघडली तर 'चि. सौ. कां.' दिसतं, दुसरीकडे उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. अठरा वर्षांच्या फाइली अशा आहेत. म्हणून "नवीन घ्या" हा सल्ला आमच्या दुकानात लागू होत नव्हता. नवीन मशीन म्हणजे नवीन दुकान.

आणि भाऊ तर म्हणतच होता की दुकानच कशाला. समोरचा गाळा एका मोबाइलवाल्याला भाड्याने द्यावा, बाबांनी आता आराम करावा. तो वाईट बोलत नव्हता. बाबांचं काम खरंच मंदावलं होतं. पूर्वी तासात होणारी पत्रिका आता संध्याकाळभर चालायची. दोन लग्नांच्या पत्रिका उशिरा गेल्या, एका घरच्यांनी काम परत नेलं.

मी पुण्यात एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. एप्रिलमध्ये चार दिवसांच्या सुट्टीवर घरी आले तेव्हा कॉम्प्युटर पूर्ण बंद होता. गोंदियाहून एक दुरुस्तीवाला येऊन गेला होता. त्याने बोर्ड गेल्याचं सांगितलं, आणि जाताना आणखी एक गोष्ट सांगून गेला : "काका, तुम्ही काही तरी चुकीचं दाबता. म्हणून तो बंद होत होता."

बाबांना हे पटलं होतं. मला म्हणाले, "माह्या हातानंच काही तरी दाबल्या जाते वाटते, बेटा. पहिले नाही होत होतं असं." गेले सहा महिने ते कीबोर्डवर हात ठेवताना घाबरत होते. दर दोन ओळींनी सेव्ह करत होते. एकसष्ट वर्षांच्या, तीस वर्षं खिळ्यांपासून कीबोर्डपर्यंत अक्षरं जुळवलेल्या माणसाला आपल्या बोटांचा भरवसा उरला नव्हता.

*

निदान म्हणजे आधी विचारपूस. डॉक्टर जसा विचारतो, की कधीपासून, कोणत्या वेळी, काय केल्यावर. मी बाबांना तेच विचारलं आणि वाया गेलेल्या एका पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून घेतलं.

कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचा. सकाळी क्वचित, संध्याकाळी सहानंतर हमखास. प्रिंट देताना किंवा सीडी टाकताना जास्त. पुढे पुढे बटण दोन-तीनदा दाबावं लागायचं. पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. वायर काढून दहा मिनिटं ठेवली की कधी कधी चालायचा. शेवटी बटणाला काहीच दाद देईना, पण आत बोर्डवरचा हिरवा दिवा मात्र लागलेला.

ही यादी वाचली तरी बोट एका दिशेला जातं. चुकीची कळ दाबल्याने मशीन संध्याकाळचीच बंद पडत नाही. सॉफ्टवेअरला घड्याळ बघून बिघडायची सवय नसते. वेळ आणि भार यांच्यासोबत बदलणारा बिघाड बहुतेक करून विजेचा असतो. आणि हिरवा दिवा सांगत होता की बोर्डला थोडी तरी वीज पोचते आहे.

तो दिवा का जळतो, ते सांगते. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली. त्याआधीच्या कॉम्प्युटरचं बटण थेट भिंतीतली वीज तोडायचं. जुन्या विंडोजमध्ये 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची पाटी यायची आणि मग आपण खटका दाबायचो. एटीएक्समध्ये कॉम्प्युटर बंद असला तरी एका जांभळ्या वायरमधून ५ व्होल्टची छोटी धार चालूच राहते. तिच्या जोरावर बोर्ड जागा असतो. आपण बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडतो, म्हणजे एसएमपीएसला निरोप जातो की ऊठ. मग तो पिवळ्या वायरमध्ये १२, लाल वायरमध्ये ५ आणि नारिंगीत ३.३ व्होल्ट द्यायला लागतो. सगळं जागेवर आलं की राखाडी वायरमधून उलट निरोप येतो, वीज ठीक आहे, कर सुरू. हा निरोप आला नाही किंवा मध्येच तुटला, तर बोर्ड जागच्या जागी थांबतो. म्हणजे बोर्ड मेला म्हणून थांबतो असं नाही. कधी कधी तो शहाणा असतो म्हणून थांबतो.

घरात मल्टिमीटर होता, माझ्या डिप्लोमाच्या दिवसांतला. आधी भिंतीचं सॉकेट मोजलं. संध्याकाळी सात वाजता १८१ व्होल्ट. असायला हवेत २३०. एप्रिलचा महिना, गल्लीत प्रत्येक घरात कूलर सुरू, बाहेर उन्हाळी धानाच्या मोटारी. रात्री अकराला परत मोजलं तर २२७. दुकानातल्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपली होती आणि कॉम्प्युटर थेट भिंतीवर चालत होता.

मग एसएमपीएसचे सगळे प्लग बोर्डपासून काढले आणि दुकानातलीच एक यू-क्लिप सरळ करून मोठ्या प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडली. ही जुनी चाचणी आहे. क्लिपने आपण बोर्डचं काम करतो, डब्याला ऊठ म्हणतो. पंखा फिरला. बाबा म्हणाले, "हा तं चालते!" इथेच पुष्कळ लोक फसतात. पंखा फिरणं हा जिवंत असल्याचा पुरावा आहे, तब्येत चांगली असल्याचा नाही. मोकळ्या हाताने कुणीही उभं राहतं. पोतं खांद्यावर दिल्यावर कळतं.

पोतं म्हणून जुनी हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह जोडले. पिवळी वायर ११.५ वर आली. नियम असा की १२ व्होल्टमध्ये पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५. आमचा डबा काठावर होता. रात्री अकराला तो बोर्डला जोडून बटण दाबलं, तर कॉम्प्युटर चक्क सुरू झाला. बाबा उठून उभेच राहिले. मी प्लगच्या मागच्या बाजूने मीटरची टोकं लावून बसले होते. ११.३. एक पान प्रिंटला दिलं, सीडी ड्राइव्ह फिरवला. ११, मग १०.७, आणि स्क्रीन काळी.

बाबा खुर्चीत मागे टेकून बसले होते. दोन्ही हात मांडीवर. कीबोर्डपासून चांगले तीन फूट लांब.

मी म्हटलं, "बाबा, आत्ता काय दाबलं तुम्ही?"

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आईला हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

*

दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांची सालेकशाकडे शेती आहे, उन्हाळी धान घेतात. बाबांनी त्यांना आकडे सांगितले, तर मामा लगेच म्हणाले, "आमची मोटर नाही का जळत अशी? व्होल्टेज पडलं का मोटर जास्त ओढते, गरम होते, अन् वाइंडिंग जाते. ते डब्याचंही तसंच असंन."

तसंच आहे. व्होल्टेज कमी झालं की साधा बल्ब मंद होतो, कमी ओढतो आणि गप्प बसतो. एसएमपीएस तसं करत नाही. कॉम्प्युटरला जेवढी शक्ती हवी तेवढी त्याला द्यायचीच असते, म्हणून व्होल्टेज जितकं कमी, तितका तो जास्त करंट ओढतो. शिवाय आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणजे सेकंदात १०० वेळा शून्यावर येते. त्या प्रत्येक खड्ड्यावरून गाडी न्यायचं काम आतले मोठे कपॅसिटर करतात. ते भरलेल्या टाक्यांसारखे असतात. व्होल्टेज कमी तर टाकी अर्धी भरते. आणि कपॅसिटर जुना असेल तर टाकीच लहान झालेली असते.

कपॅसिटर जुना होतो तो उष्णतेने. आत ओलसर इलेक्ट्रोलाइट असतो, तो हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा सांगतात की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुकानातच चाळिशी पार असते, डब्याच्या आत तर आणखी. २००० नंतरच्या काही वर्षांत तर जगभर सदोष कपॅसिटरची साथच आली होती. वरची टोपी फुगलेले, तपकिरी चीक गळलेले कपॅसिटर त्या काळातल्या कितीतरी बोर्डांवर सापडायचे.

आमचा डबा मी उघडला तेव्हा आत तेच होतं. बाहेर देणाऱ्या बाजूचे चार कपॅसिटर टोपीला फुगलेले. पण उघडण्याबद्दल आधी एक स्पष्ट सांगते, तुम्ही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ राहू शकते. मला ते काम शिकवलेलं आहे, आणि मी तो दुरुस्त करायला नाही, फक्त कारण बघायला उघडला होता.

कारण बोर्डवरच लिहिलेलं होतं. विजेतला कचरा गाळणाऱ्या फिल्टरसाठी जागा छापलेली, पण त्या जागी फिल्टर नाही, नुसती तार टाकून पूल बांधलेला. बाहेरच्या स्टिकरवर ४५० वॅट. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. सहा वर्षांपूर्वी बसवलेला, या मशीनचा तिसरा. आधीचे दोन भारनियमनाच्या काळात गेले होते, आणि दोन्ही वेळा बिलावर 'बोर्ड रिपेअर' असं लिहिलेलं. बाबा बिलं जपून ठेवतात.

*

एसएमपीएस एवढा स्वस्त आणि हलका होऊ शकतो, यामागे एक चांगली गोष्टही आहे. पूर्वी २३० व्होल्टचे ५ करायचे तर लोखंडाचा जड ट्रान्सफॉर्मर लागायचा, कारण तो सेकंदाला ५० या संथ गतीने काम करतो. वीज आधी सेकंदाला हजारो वेळा तोडजोड केली, तर तेच काम सुपारीएवढ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये होतं. ही युक्ती घराघरातल्या कॉम्प्युटरपर्यंत लवकर पोचवणाऱ्यांत १९७७ चा ॲपल-२ होता. त्याचा पॉवर सप्लाय रॉड होल्ट या इंजिनिअरने बनवला होता. १९८१ च्या आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॅटचा होता आणि तेवढ्यावर ते मशीन चालायचं. आमचा २००७ चा कॉम्प्युटरही शंभर-सव्वाशे वॅटच्या वर फारसा जात नाही. म्हणजे स्टिकरवरचा मोठा आकडा आम्हाला नकोच होता. आत जे लिहिलंय ते खरोखर देणारा डबा हवा होता.

घेताना चार गोष्टी बघितल्या. बोर्डचा मोठा प्लग २४ पिनांचा आहे का, प्रोसेसरसाठी वेगळा चार पिनांचा आहे का, जुन्या हार्ड डिस्कला लागणारा रुंद पांढरा प्लग आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो. आमच्या जुन्या डब्यावर २०० ते २४० लिहिलं होतं. आमगावच्या संध्याकाळला हा आकडा कुणी दाखवलाच नव्हता. नव्यावर १०० ते २४० होतं.

गोंदियाच्या बाजारात पहिल्या दुकानात सातशे रुपयांचा मिळत होता. मी निवडला तो चोवीसशेचा. बाबांनी दोन्ही हातात धरून तोलले. छपाईवाला माणूस, कागदाचं वजन बोटांनी ओळखतो. चोवीसशेचा त्यांनीच काउंटरवर पुढे सरकवला. येताना यूपीएसची बॅटरी घेतली आणि पॅसेंजरने परत आलो.

बसवायला वीस मिनिटं लागली. मागचे चार स्क्रू, तीन प्लग. स्क्रू बाबांनी आवळले. संध्याकाळी सात वाजता, गल्लीतले सगळे कूलर चालू असताना, बटण दाबलं. पिवळी वायर १२.१. प्रिंट देताना १२. सीडी फिरवताना १२. बाबांनी त्या रात्री एक पत्रिका जुळवायला घेतली आणि मध्ये एकदाही सेव्ह केलं नाही. शेवटी केलं. मी बघत होते, पण बोलले नाही.

*

सप्लाय कमी पडतो तेव्हा दोष नेहमी वापरणाऱ्यावर येतो, असं मला यातून दिसलं. पोरगं अभ्यासात मागे पडतं, त्याच्या घरात रात्री लाइट असते का, हे शेवटी विचारलं जातं. म्हातारा माणूस हळू काम करतो, त्याचं मशीन तपासायच्या आधी त्याचं वय तपासलं जातं. बोर्ड, हात, डोकं हे सगळं दिसतं, म्हणून त्यांच्यावर ठपका ठेवणं सोपं. मागच्या कोपऱ्यातला डबा उघडायला स्क्रू काढावे लागतात. आणि मामांसारख्या माणसाला मोटारीबद्दल हे सगळं पाठ असतं, पण कॉम्प्युटर ही शिकलेल्यांची वस्तू, असं ठरल्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही.

भावाने गाळ्याची गोष्ट परत काढली नाही. काढली असती तरी चाललं असतं, कारण तो प्रश्न खरा आहे. हार्ड डिस्क अठरा वर्षांची आहे, तीही एक दिवस जाणार. लॉकचं प्लग गेलं तर दुसरं मिळणं अवघड. एक डबा बदलून काळ थांबत नाही. दुरुस्तीने मिळते ती मुदत. घाईघाईत, अंधारात घर सोडण्याऐवजी दिवसा, सामान मोजून निघता येतं.

ती मुदत आम्ही वापरतो आहोत. हार्ड डिस्कची प्रत काढून झाली. आता एकेक फाइल जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे, म्हणजे ती फोनवरही वाचता येईल. यंत्र सगळं बदलतं, पण रफार आणि जोडाक्षरं मध्येच कुठेतरी घसरतात, ती हातानेच दुरुस्त करावी लागतात. बाबा रोज रात्री दहा फाइली करतात आणि मला पाठवतात. काल २००९ च्या एका लग्नाची पत्रिका आली. नवरी लांजीची, नवरा आमगावचा. त्याच कुटुंबाच्या मुलीच्या वाढदिवसाचं कार्ड सध्या दुकानात आहे. बाबांनी खाली लिहिलं होतं, "यात 'ज्ञ' बरोबर आला का पाय."

बरोबर आला होता.